‘पार्टिझन’ला मराठीत काय म्हणायचं : पक्षपाती, पक्षीय की आणखी काही?

उपसंपादक : अमेरिकेच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात ‘पार्टिझन’ हा शब्द मतदानाला लावलाय, न्यायाधीशांना लावलाय आणि वृत्तवाहिन्यांनाही. कोशात पहिला पर्याय ‘पक्षपाती’ मिळाला. तो सरसकट वापरला तर बिघडेल का? आणि ‘बायपार्टिझन’चं काय करू?

न्यूजर्सीकर : सरसकट नको. पक्षपात हा मराठीत आरोप आहे. परीक्षकाने पक्षपात केला, आईने धाकट्याच्या बाबतीत पक्षपात केला, म्हणजे ज्याने सगळ्यांना सारखं वागवायला हवं होतं त्याने तसं वागवलं नाही. सिनेटमधल्या रिपब्लिकन सदस्याकडून ही अपेक्षाच नसते. तो पक्षाच्या बाजूने मत देतो ते उघडपणे. तिथे ‘पक्षीय’ लिहा.

हा फरक किती महागात पडतो ते मतदारसंघांच्या आखणीत बघा. नॉर्थ कॅरोलायनातली आधीची आखणी वंशाच्या मुद्द्यावर न्यायालयात अडकली. 2016 मध्ये नवा नकाशा करताना तिथले रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीत सांगूनच टाकलं : 10 जागा रिपब्लिकनांना आणि 3 डेमोक्रॅटांना मिळतील असा नकाशा काढू, कारण 11 आणि 2 असा काढणं शक्य वाटत नाही. ऐकायला निर्लज्जपणा वाटतो, पण त्यामागे वकिली हिशेब होता. मतदारांचा वंश बघून रेषा ओढल्या तर नकाशा रद्द होण्याची भीती. पक्षाच्या फायद्यासाठी ओढल्या म्हणून मात्र सर्वोच्च न्यायालयाने तोवर एकही नकाशा रद्द केला नव्हता. त्यामुळे ‘आमची आखणी पक्षीय आहे’ हा तिथे बचाव होता. त्या वाक्यात ‘पक्षपाती’ घातलंत की बचावाचा कबुलीजबाब होतो.

बाराखडी : मग चालला का तो बचाव?

न्यूजर्सीकर : चालला. 2019 मध्ये याच नकाशावरच्या रूचो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा 5 विरुद्ध 4 असा निकाल लागला. सोबत मेरीलँडचा नकाशाही होता, तो डेमोक्रॅटांनी आखलेला. या खेळात सोवळं कोणीच नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की अशा आखणीचा अतिरेक अन्यायाचा वाटतो खरा, पण किती झालं की अतिरेक म्हणायचं हे ठरवण्याचं माप संघीय न्यायालयांकडे नाही. न्यायाधीश केगन यांनी भिन्नमत लिहिलं.

उपसंपादक : पटलं. पण न्यायाधीशांना ‘पक्षीय’ कसं म्हणू? विचित्र वाटतं.

कज्जेदलाल : वाटणारच, कारण कोर्टात ‘पक्ष’ आधीच कामाला जुंपलेला आहे : वादी पक्ष, प्रतिवादी पक्ष, पक्षकार. ‘पक्षीय न्यायाधीश’ वाचून माणूस गोंधळेल. ‘राजकीय पक्षाशी बांधील’ असं उलगडून लिहा. मात्र त्याआधी मूळ लेखकाला बांधिलकी म्हणायची आहे की वैचारिक कल, ते बघा. पूर्वी या दोन गोष्टी वेगळ्या दिसायच्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांना 1975 मध्ये फोर्ड यांनी नेमलं, डेव्हिड सूटर यांना 1990 मध्ये थोरल्या बुश यांनी. दोन्ही अध्यक्ष रिपब्लिकन, आणि दोघेही न्यायाधीश पुढे उदारमतवादी गटात मोजले जाऊ लागले. 2010 मध्ये स्टीव्हन्स निवृत्त होऊन केगन आल्या, तेव्हापासून गटांची सीमा आणि नेमणाऱ्या अध्यक्षाच्या पक्षाची सीमा एकच झाली. लोक ‘ट्रम्पचे न्यायाधीश’, ‘ओबामांचे न्यायाधीश’ असं बोलतात ते यामुळे. रॉबर्ट्स यांनी 2018 मध्ये निवेदन काढून असं काही नसतं म्हणून सांगितलं.

नेमणुकीची प्रक्रिया मात्र बेधडक ‘पक्षीय’ म्हणा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्कालिया यांना 1986 मध्ये सिनेटने 98 विरुद्ध 0 मतांनी मान्यता दिली होती. ते फेब्रुवारी 2016 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या जागी ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीही झाली नाही. निवडणुकीचं वर्ष आहे, असं सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांचं कारण. 2020 मध्ये त्याच मॅकॉनेल यांच्या सिनेटने मतदानाला 8 दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांना 52 विरुद्ध 48 ने बसवलं. पुढच्या वर्षी लुईव्हिलमध्ये मॅकॉनेल सेंटरच्या कार्यक्रमात बॅरेट श्रोत्यांना समजावत होत्या की आम्ही कुणा पक्षाचे हस्तक नाही. त्यांची ओळख मॅकॉनेल यांनीच करून दिली होती!

बाराखडी : ‘नॉनपार्टिझन’ला ‘निःपक्षपाती’ लिहिलेलं मी पेपरात वाचलंय. तेही चूकच म्हणायचं का?

न्यूजर्सीकर : बहुतेक वेळा चूक. नेब्रास्काचं विधिमंडळ एकाच सभागृहाचं, 49 सदस्यांचं आणि कायद्याने ‘नॉनपार्टिझन’ आहे. म्हणजे मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापत नाहीत, इतकंच. कोण कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच घ्या. पक्षचिन्ह नसतं, पण निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष सर्वाधिक सरपंच आपलेच म्हणून फटाके लावतो. 2025 मधली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूकही कागदोपत्री अशीच होती. तिच्यावर 10 कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला गेला, आणि इलॉन मस्क स्वतः प्रचाराला गेले. त्या निवडणुकीला ‘निःपक्षपाती’ म्हटलंत तर वाचक हसेल. ‘पक्षचिन्हाविना’ किंवा ‘पक्षविरहित’ लिहा. ‘अपक्ष’ तर अजिबात नको, तो उमेदवार झाला. सिनेटर बर्नी सँडर्स अपक्ष आहेत, पण बसतात डेमोक्रॅटांबरोबर.

कज्जेदलाल : ‘बायपार्टिझन’ राहिलं. ‘द्विपक्षीय’ म्हटलं की आपल्याला दोन देशांतला करार आठवतो. ‘सर्वपक्षीय’ही जुळत नाही. 2021 चा पायाभूत सुविधांचा कायदा सिनेटमध्ये 69 विरुद्ध 30 ने मंजूर झाला. 19 रिपब्लिकन बाजूने होते, पण विरोधातले 30 सुद्धा रिपब्लिकनच होते. आपल्या ‘सर्वपक्षीय’मध्ये सगळे आले, असा वास येतो. ‘दोन्ही पक्षांच्या मतांनी’ असं तीन शब्दांत लिहिलेलं बरं. लेखात ‘व्हिप’ असेल तर तिथेही जपा. 2022 पासून महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही प्रतोद आणि पक्षादेश माहीत झालेत, म्हणून हात आपोआप ‘पक्षादेश’कडे जातो. पण अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदा नाही. जुलै 2017 मध्ये रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांनी अंगठा खाली करून स्वपक्षाचंच आरोग्य विधेयक पाडलं आणि सिनेटर म्हणून कायम राहिले. तिथला प्रतोद मतं मोजतो, गळ घालतो, फार तर डोळे वटारतो.

उपसंपादक : आणि वाहिन्या? फॉक्स न्यूजला काय लावू?

बाराखडी : मला ‘मुखपत्र’ सुचलं होतं.

न्यूजर्सीकर : मुखपत्र पक्षाचं असतं, ‘सामना’सारखं. फॉक्स पक्षाच्या मालकीची नाही. 19 व्या शतकातल्या अमेरिकी पेपरांना ‘मुखपत्र’ शोभेल, पुष्कळ पेपरांच्या नावातच डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन असायचं. आर्कान्सामध्ये ‘डेमोक्रॅट-गॅझेट’ अजून निघतं. वाहिन्यांसाठी ‘रिपब्लिकनांची कड घेणारी’, रागाने लिहायचं असेल तर ‘तळी उचलणारी’. मराठीत इतके चांगले वाक्प्रचार असताना विशेषणासाठी कशाला अडून बसायचं?

‘पक्षपाती’ची खरी जागा इथेच, पण काळ बघून. 1949 पासून प्रसारकांना वादाच्या दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन होतं. त्या काळात एखादं रेडिओ केंद्र एकाच बाजूने बोललं तर तो पक्षपात. 1987 मध्ये तो नियम गेला. केबल वाहिन्यांना तर तो कधी धड लागूच नव्हता, फॉक्स आली ती 1996 मध्ये. डोमिनियन या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात मात्र ‘कड घेणं’ही अपुरं पडतं. मतदान यंत्रांबद्दलचे आरोप खोटे आहेत असं वाहिनीतले लोक आपसात लिहीत होते आणि पडद्यावर तेच आरोप चालू होते. 2023 मध्ये फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन खटला मिटवला. तिथे सरळ ‘खोटं’ लिहा.

उपसंपादक : लेखात एके ठिकाणी ‘हायपरपार्टिझन’ही आहे.

बाराखडी : ‘पक्षांध’! धर्मांधच्या चालीवर.

कज्जेदलाल : मस्त आहे, पण शिवी आहे. मताच्या लेखात चालेल, बातमीत ‘कट्टर पक्षीय’वर भागवा.