कोरोनाकाळ, जानेवारी २०२२: बालवाडी सोमवारपासून सुरू, मास्कचं काय करायचं?

प्रश्न (बालवाडी शिक्षिका, सातारा): २४ जानेवारी २०२२ पासून पूर्वप्राथमिकलाही सरकारने परवानगी दिलीय. माझ्याकडे वीस पोरं, खोली एकच. खिडक्या दोन, त्यातली एक गंजून बसलेली. साडेतीन वर्षांची मुलं मास्क चघळतात, एकमेकांचे घालतात. पालक म्हणतात सक्ती करा. काय करू? या लेकरांचं अर्धं आयुष्य घरातच गेलंय हो, आणखी थांबवायला जीव होत नाही.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ): ताई, केंद्राच्या सूचनेप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको. तुम्ही आणि मदतनीस मात्र नाक झाकून घाला, लसीचे दोन्ही डोस घ्या. आणि ती खिडकी आधी उघडा! विषाणू हवेतून पसरतो, नुसती फरशी पुसून भागत नाही.

उत्तर (अंगणवाडी सेविका): आम्ही सतरंज्या पिंपळाखाली टाकतो. दहा-दहाचे गट, एक दिवसाआड. बडबडगीतं बाहेरच, कारण पोरं ओरडूनच गातात. डबा खाताना गोलात बसवत नाही. नाक गळत असेल तर दारातूनच परत. आया रागावतात, रागावू देत.

प्रश्नकर्ती: खिडकीसाठी उद्याच माणूस बोलावलाय. गटांचं पालकांना आज संध्याकाळी सांगते.