विकायच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आणि हॉल: किती फोडायचं, किती ठेवायचं?

ओळंबा (धागाकर्ता)

पुण्या-ठाण्यात 1985 ते 2000 च्या सुमारास बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांमधले वन आणि टू बीएचके आता मोठ्या संख्येने विकायला निघतायत. हॉलमध्ये मोझॅक, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी, भिंतीत जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप, असा सगळा ठरलेला नकाशा. विकण्याआधी यावर हात फिरवायचा तर नेमका कुठे, हे इथे लिहा. कोण कसं फसलं त्याच्या गोष्टी नकोत. मापं, साहित्य, क्रम आणि काय बिघडतं ते हवं.

माझ्यापुरतं सांगतो. घर बघायला आलेला माणूस नळ सोडून बघतो, सिंकखालचं दार उघडून वास घेतो, खिडकीखालच्या भिंतीला हात लावतो. हॉलमधलं झुंबर त्याच्या लक्षातही राहत नाही. पैसे त्या हाताच्या वाटेवर घाला.

पाना-पक्कड

सुरुवात मोरीपासून. कठडा फोडून जागा सपाट करायला सगळेच सांगतात. करा, पण खालचा नहाणी ट्रॅप (पाणी साठवून गटाराचा वास अडवणारं जाळीखालचं भांडं) बुजवू नका. सिंकचं पाणी बहुतेक ठिकाणी त्यातच जातं, आणि पुढे चोकअप झाला तर साफ करायला तेवढीच वाट असते. ट्रॅप बदलून त्यावर उचलता येणारी स्टीलची जाळी बसवा. आजूबाजूच्या फरशीला जाळीकडे 80 ते 100 ला 1 असा उतार, म्हणजे एका मीटरला 10 ते 12 मिमी.

मोरी फोडली की तिचं जुनं वॉटरप्रूफिंगही गेलं, हे गवंडी सांगत नाही. नवीन कोट मारून भिंतीवर फूटभर वर चढवा. फरशी लावायच्या आधी ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा. खालच्या घरी जाऊन छत बघून या, आणि फोटोही काढा, तारीख दिसेल असा.

जीआय पाइप बाहेरून ठणठणीत दिसतात, आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. अर्धे जीआय, अर्धे सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) असं ठिगळ लावू नका. जोडाच्या ठिकाणी पुढच्या दोन पावसाळ्यांत ओल दिसते. स्वयंपाकघरातली लाइन वरच्या टाकीच्या व्हॉल्व्हपासून सिंकपर्यंत पूर्ण बदला. सॉल्व्हंट (प्लास्टिकचे पाइप जोडायचा चिकटा) लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग हातपंपाने पाइपांत दाबाचं पाणी भरून प्रेशर टेस्ट घ्या आणि दाबाचा काटा रात्रभर तसाच ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर गिलाव्याला हात लावायचा नाही.

पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप हलवायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच. टाइल्सच्या आत तो पाइप गाडायचा नाही, कपाटाच्या मागे तर नाहीच.

थापी

मोरीबद्दल सहमत. आता ओटा आणि भिंत.

"ओपन किचन करून द्या, भाव चांगला येईल," असं एजंट सांगतात. मधली भिंत आधी मोजा. गिलाव्यासकट पाच-साडेपाच इंच भरली तर ती बहुधा पार्टिशन, म्हणजे भार न पेलणारी आडभिंत. नऊ-दहा इंच भरली आणि इमारत जुनी असली, तर तीच वरच्या मजल्याचा भार पेलत असू शकते. नुसत्या मापावरही विसंबू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी याशिवाय हातोडा उचलायचा नाही. पुढे खरेदीदाराच्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशाशी घर ताडून बघतो, आणि गायब भिंतीवरून कर्ज अडू शकतं. माझं मत विचाराल तर रोज फोडणी देणाऱ्या आपल्या घरात भिंत असलेलीच बरी.

ओट्याची मापं: खोली 24 इंच, उंची 33 ते 34. वर शेगडीचे 4 इंच येतात हे धरूनच. काळा ग्रॅनाइट 16 ते 18 मिमी, खाली उभे आणि आडवे कडाप्पे. ग्रॅनाइट फुटतो तो सिंकच्या पुढे. 24 x 18 चं सिंक कापल्यावर पुढे जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते. कापताना कोपरा काटकोनात मारला की तिथून बारीक चीर सुटते आणि भरलेलं पातेलं आपटलं की पट्टी हातात येते. म्हणून कोपरा आधी ड्रिलने गोल करून घ्या, पट्टीखाली कडाप्पा येऊ द्या, आणि दोन दगडांचा जोड सिंकपासून किमान फूटभर लांब ठेवा. पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारली तर ओघळणारं पाणी तिथेच टपकतं, शटरपर्यंत जात नाही.

ओटा आधी बसवायचा, डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स नंतर, म्हणजे टाइल दगडाच्या वर बसते. उलटं केलं तर पाणी मागच्या फटीतून कायम आत उतरतं. डॅडो ओट्यापासून दोन फूट पुरे. छतापर्यंत टाइल्स लावलेल्या दिसल्या की जाणकार गिऱ्हाईक विचारतं, मागे ओल आहे का?

हॉलची फरशी. मोझॅक उखडायचं की त्यावरच टाइल लावायची? ठोकून बघा. पोकळ आवाज थोड्याच ठिकाणी असेल तर तेवढंच काढून भरा आणि बाकीच्यावर अॅडहेसिव्हने लावा. राडारोडा वाचतो आणि स्लॅबवर नवा मसाला चढत नाही. 25 मिमी मसाला म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 50 किलो. पण मेणाने घोटलेल्या मोझॅकवर अॅडहेसिव्ह धरत नाही, आधी ग्राइंडरने खरवडावं लागतं. आणि फरशी 12 ते 15 मिमी उंच होते, म्हणून दारं आधी काढून खालून तासा. मुख्य दाराचा उंबरठा मोजायला विसरतात आणि मग सेफ्टी डोअर घासतं.

10 x 15 चा हॉल म्हणजे 150 चौरस फूट, 10 टक्के तूट धरून 165. दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल्स, सुमारे साडेपंधरा चौरस फूट. म्हणजे 11 खोकी, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी) वेगळं. सगळ्या खोक्यांवर बॅच एकच हवी. नंतर आणलेलं बारावं खोकं छटेत ओळखू येतं.

टेस्टर

त्या काळातल्या बऱ्याच घरांत अॅल्युमिनियमची वायर सापडते. नवे स्विच लावून मागे जुनी वायर ठेवणं ही सरळ फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत. दिवे-पंख्याला 1.5 चौरस मिमी तांबं, 16 अँपिअरच्या पॉइंटला 2.5, एसीला 4. ओट्यावर किमान दोन 16 चे पॉइंट, वेगवेगळ्या सर्किटवर. इंडक्शन 2000 वॅटचं म्हणजे एकटंच जवळजवळ 9 अँपिअर ओढतं. त्याच वायरवर मायक्रोवेव्ह लागला की एमसीबी (जास्त भार आला की बंद पडणारा स्विच) पडू शकतो. मिक्सर, फ्रिज, प्युरिफायर, चिमणी यांचे पॉइंट वेगळे. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. ती सारखी पडत असेल तर बायपास करू नका. बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला लागलाय किंवा कुठे गळती आहे, ती शोधा.

अर्ध्या विटेच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर खाच मारली की भिंत तिथे कागद होते. बीम-कॉलममध्ये खाच नाहीच. गिलावा भरायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो घ्या. खरेदीदाराला ते फोटो दिले की तो शांत होतो, भाव करताना उपयोग होतो.

दिवे 4000 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाची छटा). 6500 च्या निळसर पांढऱ्यात हॉल दवाखाना वाटतो.

रंधा

पूर्ण मॉड्युलर करून विकू नका. नव्या बाईंना ट्रॉल्या वेगळ्या हव्या असतात आणि तुमचं काम महिन्यात निघतं. उभ्या कडाप्प्यांवर शटर आणि तीन-चार स्टीलच्या ट्रॉल्या एवढं पुरतं. शटरला 18 मिमी प्लाय, आयएस 710 चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून. बाहेरून 1 मिमी लॅमिनेट, आतून 0.8; एकाच बाजूला लावलं तर शटर वाकतं. सिंकखाली प्लायचा तळ नको, तिथे कडाप्पाच. कडा पीव्हीसी पट्टीने बंद करा, खालची कडसुद्धा. ती दिसत नाही म्हणून सुतार सोडतो, आणि फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं.

पाना-पक्कड

@रंधा, सिंकखाली काहीच बंद करू नका, असं म्हणेन. बाटलीट्रॅप (सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप) हाताने उघडता आला पाहिजे.

@थापी, ओट्याला सिंककडे किंचित उतार देता का? आठ फुटांत पाच-सहा मिमी?

थापी

देतो, पण शेगडीच्या जागेवर नाही. तिथे कढईतलं तेल एका बाजूला जातं.

पुट्टी

थोडक्यात: खिडकीखाली फुगलेले पापुद्रे दिसले की लोक वॉलपेपर चिकटवतात. दोन महिन्यांत क्षार बाहेर येतात. पाणी बहुतेक वेळा बाहेरून, खिडकीच्या चौकटीच्या फटीतून किंवा सिलच्या (खिडकीखालच्या कट्ट्याच्या) उलट्या उतारातून येतं. सिलला बाहेरच्या बाजूला उतार, फटीत सिलिकॉन, मग आतला गिलावा विटेपर्यंत काढून नवा. सात दिवस पाणी मारा, महिनाभर सुकू द्या, त्यानंतरच पुट्टी. घाई असेल तर ती भिंत तशीच ठेवा आणि खरेदीदाराला सांगा.

रंग फिकट, सगळीकडे एकच. वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग टाळा. गळती झाकली, असाच अर्थ निघतो.

हिशेबनीस

बिलं पक्की घ्या. घर विकल्यावर भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च वजा मिळू शकतो: नवी फरशी, वायरिंग, ओटा. नुसता रंग आणि डागडुजी यांत सहसा बसत नाही. 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ घर तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला निवासी (करासाठी भारतात राहणारी) व्यक्तीसाठी 12.5 टक्के इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता) किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह, यांतला कमी कर लागतो. कच्च्या चिठ्ठीवर दिलेले पैसे या हिशेबात दाखवणं अवघड.

आणि सोसायटीला कामाआधी पत्र द्या. डिपॉझिट, कामाच्या वेळा, राडारोडा कुठून न्यायचा हे लेखी असलं की नंतर ना-हरकत घेताना जुनी भांडणं निघत नाहीत.

ओळंबा

कामाचा क्रम राहिला होता, तो असा: तोडफोड, पाइप-वायर, प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंग आणि 48 तास पाणी, ओटा, डॅडो, फरशी, गिलावा-पुट्टी-प्रायमर, रंगाचा पहिला हात, सुतारकाम, स्विच-दिवे, शेवटचा हात. नव्या गिलाव्याचं सुकणं सोडून स्वयंपाकघर आणि हॉलला 25 ते 30 कामाचे दिवस. फरशी झाली की तिच्यावर पीओपीचा थर किंवा पुठ्ठा अंथरा, नाहीतर सुताराचे खिळे नव्या टाइलवर ओरखडे काढतात.

पाना-पक्कड

एक राहिलं. काम संपवून घर कुलूपबंद ठेवता तेव्हा नहाणी ट्रॅपमधलं पाणी हळूहळू उडून जातं, उन्हाळ्यात लवकरच. मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट नव्या स्वयंपाकघरात, आणि गिऱ्हाईक दारातच नाक मुरडतं. आठवड्याला प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही.