पहिला गळ तुम्हाला कोणी बांधून दिला?

काठावरचा

गेल्या आठवड्यात भाची गळ आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा धागा) घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "मामा, एवढी गाठ मारून द्या." चष्मा लावूनही गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवणे मला जमेना. शेवटी ओवण्याचे काम तिने केले आणि गाठ मी मारली, तीही डोळे मिटून, कारण उघड्या डोळ्यांनी बोटे अडखळत होती. "आता हळूहळू करून दाखवा," असे तिने म्हणताच मात्र माझी पंचाईत झाली. वेढे किती घेतले आणि टोक कोणत्या फटीतून परत आणले, हे काही केल्या मला सांगता येईना. बोटांना ते ठाऊक होते, मला नव्हते.

मलाही हे मामानेच शिकवले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पहिले दोन महिने त्याने माझ्या तंगुसाला गळ लावलाच नाही. तो साध्या दोऱ्याने गांडूळ बांधायचा, वर तरंगा आणि शिशाचा मणी लावायचा आणि काठी माझ्या हातात द्यायचा. तरंगा हलला की मी हिसका मारायचो आणि मासा गांडूळ सोडून निघून जायचा. ही शुद्ध फसवणूक आहे असे वाटून मी दोनदा काठी टाकून घरी परतलो, आणि दोन्ही वेळा मामाने ती मुकाट्याने उचलून आणली. पण त्या दोन महिन्यांत मला कळले की बारीक मासे टोचत असले तर तरंगा नुसता थरथरतो, शिकारी मासा तो तिरका ओढून नेतो, आणि तळाशी चरणारा मासा आमिषाबरोबर शिशाचेही वजन उचलत असल्याने तरंगा बुडण्याऐवजी चक्क आडवा पडतो. हातात गळ असता तर मी यातले काहीही पाहिले नसते, फक्त ओढत राहिलो असतो.

पुढे नोकरीत सोळा वर्षे काठीला हात लागला नाही. पुन्हा सुरुवात झाली ती डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यामुळे. मी पाण्यापर्यंत चालत जायचो आणि तिथे तीन तास बसून राहायचो. डॉक्टरांना यातला पहिलाच भाग सांगितला आहे.

तुमचा पहिला गळ कोणी बांधला, स्वतः बांधायला कधी लागलात, आणि मध्ये खंड पडला असल्यास परत कशामुळे आलात, ते अवश्य लिहा.

पाणकोंबडी

माझ्या बाबतीत आजी. घरातले पुरुष जाळे टाकत आणि आजी एकटी गळ घेऊन बसत असे. तिला गोंगाट खपत नसे. तिने मला कधीच काही समजावून सांगितले नाही. मी उभी राहिले की ती फक्त "बूड टेकव" एवढेच म्हणायची. मी याला तिची शिस्त समजत होते. खूप पुढे वाचनात आले की पाण्याबाहेरचे सगळे जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या झरोक्यातून दिसते, आणि काठावर उभा असलेला माणूस त्या झरोक्यात जितका सहज येतो तितका खाली बसलेला येत नाही. आजीला अंशांची काहीच कल्पना नव्हती. बसल्यावर मासे जवळ येतात, हे तिने पाहिले होते.

गाठ मात्र तिची स्वतःची होती आणि ती मला आजही येत नाही. मी दुसरीच मारते.

तीन_गेले

मला कोणीच शिकवले नाही, आणि त्याची किंमत मी माशांच्या रूपाने मोजली. बुटाच्या नाडीला मारतो तीच गाठ मी गळाला मारत असे. पहिले तीन चांगले मासे एकाच पद्धतीने गेले: जोराची ओढ, मग एकदम ढिलाई, आणि हातात रिकामा तंगूस. प्रत्येक वेळी मी तंगुसाला कच्चा ठरवून अधिक जाड आणत गेलो.

एके दिवशी शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या तंगुसाचे टोक मागितले आणि नखावरून फिरवून पाहिले. टोक कुरळे झाले असेल तर गाठ सरकली. साफ कापले गेले असेल तर दातांनी किंवा धारेने. आणि खरवडून पिंजल्यासारखे झाले असेल तर तंगूस दगडावर घासला, असे त्यांनी सांगितले. माझे टोक डुकराच्या शेपटीसारखे कुरळे होते. त्यांनी मला पाच वेढ्यांची गाठ तिथेच वीस वेळा मारायला लावली आणि उठून गेले. नाव विचारायचेही मला सुचले नाही. त्यानंतर बावीस वर्षे झाली. मासे अजूनही सुटतात, पण गाठीमुळे नाही.

सरळसोट

@तीन_गेले, गाठ आवळण्याआधी ती ओली करायला हवी, हे त्यांनी सांगितले की नाही? कोरडा नायलॉन स्वतःवरच घासला जाऊन तापतो आणि नेमका गाठीपाशीच दुबळा होतो. जाड तंगुसाचा काहीच उपयोग होत नाही.

तीन_गेले

सांगितले होते. त्यांनी माझ्या गाठीला स्वतःची थुंकी लावली, हा तपशील मी सभ्यतेपोटी वगळला होता.

पाणकोंबडी

आजीही हेच करायची. थुंकीखेरीज तिची एकही गाठ पूर्ण होत नसे.

मधलीवेळ

बाळ झोपले आहे तोवर थोडक्यात लिहिते. मला यातले काहीही येत नव्हते आणि आवडही नव्हती. लग्नानंतर नवरा पहाटे उठून कुठे जातो ते पाहण्यासाठी मी एकदा त्याच्याबरोबर गेले. तो गळ बांधत असताना मी नुसती त्याची काठी धरून उभी होते आणि नेमका तेव्हाच, त्या दिवसातला एकमेव मासा लागला. तो माझा की त्याचा, यावर आमच्यात सहा वर्षे वाद चालू आहे. गळ त्याने बांधला होता हे मला मान्य आहे, पण प्रश्न गळाचा नसून ओढण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

बाळ उठले.

काठावरचा

@मधलीवेळ, मासा तुमचाच. वाद मिटला असे समजावे.

खडकावरून

आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकायला जाण्याला गरवायला जाणे. वडील समुद्रात गरवायचे, म्हणून मीही समुद्रातच शिकलो. तिथे पहिली वर्षे काठीपेक्षा पंचांगच जास्त हाताळावे लागते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते तेव्हा पाणी जोरात धावते आणि हलके शिसे तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा पाणी सुस्त असते आणि बहुतेक वेळा मासेही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यामुळे माझी कामाची पाळी आणि समुद्राची पाळी महिन्यातून काही दिवसच जुळते. माझा छंद टिकून राहिला तो या कारणाने, असे मला वाटते. कारण रोज जाता आले असते तर मला कदाचित कंटाळा आला असता.

एक गोष्ट मात्र वडिलांनी मारूनच शिकवली. खडकावर उतरण्याआधी पाव तास मागे उभे राहून पाणी पाहायचे. पहिल्या पाच मिनिटांत खडक कोरडा दिसतो आणि मग एक मोठी लाट त्यावरून आरपार जाते. चौदाव्या वर्षी मी हे टाळले. माझी काठी, डबा आणि एक चप्पल गेली. मी राहिलो, कारण वडिलांनी मला मागून सदऱ्याला धरले होते. त्या दिवशी त्यांनी मला तीन वेळा मारले आणि परतीच्या वाटेवर नवी काठी कोणती घ्यायची यावर चर्चा केली.

कानफाट्या

माझ्या पहिल्या गळाने धरलेला पहिला प्राणी म्हणजे माझा थोरला भाऊ. मी काठी मागे नेली तेव्हा तो वाकून डब्यातून गांडूळ काढत होता. गळ कानाच्या पाळीत शिरला. टोकाला उलटा काटा असल्यामुळे तो मागे ओढणे शक्यच नव्हते. भावाने स्वतःच तो पुढे ढकलून टोक पलीकडून बाहेर काढले, पक्कडीने काटा कापून टाकला आणि मग गळ आल्या वाटेने काढून घेतला. ओरडत मी होतो, तो नव्हता. नंतर त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. पाळीसारख्या मऊ जागी हे निभले. डोळ्याजवळ किंवा खोल शिरलेल्या गळाला घरी हात लावू नये, तडक दवाखाना गाठावा.

त्या दिवसापासून मी उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो. तंगूस ताणलेला ठेवला तर मासे फारसे सुटत नाहीत, आणि सुटले तर सुटोत. भाऊ आजही माझ्या मागे उभा राहत नाही.

आठ_वर्षे_नाही

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी बाराव्या वर्षी सुरुवात केली आणि तिसाव्या वर्षी थांबलो. कोणीतरी टाकलेल्या तंगुसाच्या गुंत्यात एक बगळा दोन्ही पायांनी अडकून मेलेला मला झुडपात सापडला. तो तंगूस माझा नव्हता असे मी स्वतःला पुष्कळ सांगितले, पण त्या काठावर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांपैकी मी एक होतो आणि गुंता झालेला तंगूस तोडून तिथेच टाकण्याची सवय मलाही होती. नायलॉन कुजत नाही, हे मला तेव्हाही माहीत होते. आठ वर्षे मी काठी माळ्यावरून काढली नाही.

परत आलो तो मुलीमुळे. तिने मला विचारले की तुम्ही जाणे बंद केल्याने काठावरचा तंगूस कमी झाला का. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आता आम्ही दोघे जातो, आधी अर्धा तास काठावरचा तंगूस गोळा करतो, त्याचे बारीक तुकडे करून पिशवीत भरतो आणि मगच बसतो. शिसेही सोडले. पाणपक्षी खड्यांबरोबर शिशाचे मणी गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस मरू लागल्यावर ब्रिटनमध्ये लहान शिशांच्या विक्रीवर १९८७ साली बंदी आली. मी टंगस्टन वापरतो. ते महाग आहे, त्यामुळे हरवू नये म्हणून मी अधिक काळजीने टाकतो, असा एक अनपेक्षित फायदाही झाला.

सरळसोट

हे वाचून मी उठून माझा डबा उघडला. त्यात शिसेच शिसे आहे. बघतो.

पाणकोंबडी

@आठ_वर्षे_नाही, मुलीने प्रश्न फार नेमका विचारला. मासा परत सोडणाऱ्यांसाठी एक विनंती करते: त्याला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोगांपासून वाचवणारा तोच थर असतो.

सहज_आलो

मी कधीही मासे धरलेले नाहीत, तरी लिहितो, त्याबद्दल क्षमस्व. जपानमधील ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत समुद्री गोगलगाईच्या शिंपल्यापासून घासून केलेले गळ सापडले असून ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हाच्या मुलांनाही तो कोणीतरी बांधूनच दिला असणार, एवढेच सुचले.

कानफाट्या

आणि त्या मुलांनी तो कोणाच्या कानात अडकवला, हाही संशोधनाचा विषय आहे.

तीन_गेले

मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर राहिले होते. मीही मध्ये चार वर्षे गेलो नाही. घरचे आजारपण होते. त्या काळात रात्री झोप येत नसे तेव्हा मी खुर्चीच्या पायाला तंगूस अडकवून गाठी मारत बसायचो. सकाळी पत्नी त्या कापून टाकायची. एक दिवस तिने त्या कापल्या नाहीत आणि म्हणाली, "आता एकदा जाऊन या." मी गेलो.

काठावरचा

सगळ्यांचे अनुभव वाचले, काही भाचीला मोठ्याने वाचूनही दाखवले. मला गाठ समजावून सांगता येत नसल्याने आम्ही शेवटी जाड सुतळी आणि वाकवलेली तार घेतली. मी डोळे मिटून हळू गाठ मारली आणि तिने माझी बोटे पाहून वेढे मोजले. सहा निघाले. मी आयुष्यभर पाच समजत होतो.

काल तिने स्वतः बांधलेला पहिला गळ टाकला. अर्ध्या तासात तरंगा आडवा पडला, तिने घाई न करता काठी उचलली, काठी चांगली वाकली आणि मग एकदम सरळ झाली. मी काही बोलण्याआधीच तिने तंगूस हातात घेतला, टोक नखावरून फिरवले आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "मामा, कुरळे आहे."

सरळसोट

गाठ ओली केली होती का?

काठावरचा

नाही. थुंकी लावायला तिला किळस वाटली. आता लावते.