मदत हवी आहे : चित्रातली ‘अ‍ॅम्फिट्रायटी’ मुंबईच्या गोदीतली का?

नमस्कार मंडळी,

मुंबईत बांधलेल्या शिडाच्या जहाजांवर आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन लावतोय. जुन्या चित्रांच्या गठ्ठ्यात एक छापील चित्र सापडलं. तीन डोलकाठ्या, अंगावर पांढरा पट्टा, पट्ट्यात तोफांच्या काळ्या खिडक्या, मागे लाल ब्रिटिश निशाण. खाली पेन्सिलीने ‘अ‍ॅम्फिट्रायटी’ एवढंच. साल नाही, चित्रकार नाही.

ग्रीक समुद्रदेव पोसायडनच्या या राणीचं नाव कितीतरी जहाजांना दिलेलं. १६९८ मध्ये फ्रान्सहून चीनमधल्या कँटनला गेलेली आणि १७७७ मध्ये अमेरिकन बंडवाल्यांना शस्त्रं पोचवणारी, या दोन्ही फ्रेंच, म्हणून बाद. ब्रिटिश आरमाराची आधीची १७९४ मध्येच बुडाली. चित्रातल्या निशाणाच्या कोपऱ्यात मात्र १८०१ पासून आलेली तांबडी तिरपी फुली स्पष्ट दिसते.

म्हणजे माझ्या हिशोबाने दोन उरतात. एक आपली, लेडा वर्गातली (म्हणजे ‘लेडा’च्या आराखड्यावर बांधलेली) फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. जमशेटजी बोमनजी वाडिया मुख्य बांधकामी असताना सागवानात घडलेली, १८१६ मध्ये पाण्यात उतरलेली. तिची धाकटी बहीण ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. ‘अ‍ॅम्फिट्रायटी’ला मात्र १८७५ मध्ये मोडीत काढलं. दुसरी जेमतेम २०० टनांची, व्यापारी. कैदी बायकांना ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला नेताना ती ऑगस्ट १८३३ मध्ये फ्रान्सच्या बुलोन किनाऱ्यावर फुटली. शंभरावर बायका आणि त्यांची लेकरं गेली, वाचले फक्त तीन खलाशी. वाचून फार कळवळायला झालं. चित्र तिचं असेल तर मुंबईच्या नावाखाली ते टांगणं मला पटणार नाही.

निशाणावरून उलगडा होत नाही, कारण १८६४ पर्यंत आरमारी जहाजंही पथकाप्रमाणे लाल, पांढरं किंवा निळं निशाण लावत. खिडक्यांचंही तेच, व्यापारी जहाजं खोट्या खिडक्या रंगवून घेत. लेडा वर्गाच्या मुख्य तोफमजल्यावर एका बाजूला १४ तोफा असत. चित्रात १३ मोजता येतात, पण नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, नेमकी कागदाला घडी पडलीय. मधल्या डोलकाठीच्या टोकाला लांब, निमुळती फीतही आहे.

ही फीत युद्धनौकेचीच समजायची का? आणि शिडं-दोरांच्या मांडणीवरून फ्रिगेट ओळखता येते का? जहाजांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांनी किंवा आरमारात काम केलेल्यांनी कृपया सांगावं. घडीजवळचा मोठा केलेला फोटो पहिल्या प्रतिसादात टाकतो.