मदत हवी आहे: फंकाडेलिकच्या सुरुवातीच्या काळातली कुठली गाणी ऐकवू?

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दहा-बारा जण गाणी ऐकायला जमतात. बहुतेक साठीच्या पुढचे, शास्त्रीय संगीतात मुरलेले. दर वेळी एकाने आपल्या आवडीचं काहीतरी लावायचं आणि बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं, एवढाच नियम. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि मला पुन्हा फंकाडेलिकच, म्हणजे फंक आणि रॉक मिसळणारा तो अमेरिकन बँडच, ऐकवायचा आहे. पन्नास मिनिटं हातात आहेत.

'पुन्हा' का, ते सांगते. मागच्या खेपेला मी फक्त 'मॅगट ब्रेन' लावलं होतं. 1971 च्या त्याच नावाच्या अल्बममधलं पहिलंच गाणं. सुरुवातीला बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन थोडं बोलतो, तेवढं सोडलं तर दहा मिनिटं नुसती एडी हेझलची गिटार. 'तुझी आई गेल्याची बातमी आत्ता कळली आहे असं समजून वाजव,' असं क्लिंटनने त्याला सांगितलं होतं, हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. हेझल तेव्हा जेमतेम विशीत होता. खोलीत कुणी हललं नाही. संपल्यावर दोघीतिघींनी डोळे पुसले.

मग आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "मुलगा फार मनापासून वाजवतोय. पण हा बँड आहे म्हणालीस ना? मग ठेका कुठाय?" काकांनी चाळीस वर्षं तबल्याची साथ केली आहे.

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कारण ठेका होता. सगळा बँड वाजवत होता. क्लिंटनने मिक्स करताना, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, बाकीच्यांना जवळजवळ पुसून टाकलं आणि गिटार तेवढी पुढे ठेवली. रात्री हेडफोन लावून ऐकलं की मागे कुठेतरी ड्रम झिरपताना ऐकू येतात, भिंतीपलीकडच्या घरात कुणी वाजवत असावं तसे. निर्णय योग्यच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यामुळे फंकाडेलिक म्हणजे एडी हेझल, असं लोक धरून चालतात आणि बाकीची मुलं राहूनच जातात.

त्या मुलांची गोष्ट मला फार जवळची वाटते. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डमध्ये क्लिंटनचं केशकर्तनालय होतं आणि 'द पार्लमेंट्स' नावाचा पाच जणांचा गाणारा गट होता. सूट-बूट घालून सुरात सूर मिसळून गाणारा. दुकानात झाडलोट करणारा पोरगा म्हणजे बिली नेल्सन. 1967 मध्ये 'टेस्टिफाय' हे गाणं गाजलं, दौरे सुरू झाले, साथीला वादक हवे होते. बिली बेस गिटारवर आला आणि त्याने आपल्या मित्राला, एडीला, बोलावून घेतलं. फिलाडेल्फियाहून ड्रमर टिकी फुलवुड आला. टॉल रॉस दुसऱ्या गिटारवर. नंतर बर्नी वॉरेल, शास्त्रीय पियानो शिकलेला. पुढे पार्लमेंट्स या नावावरून कायद्याची भानगड झाली, ते नाव वापरता येईना, तेव्हा क्लिंटनने या साथीच्या पोरांनाच पुढे केलं आणि गायक मागे उभे राहिले. 'फंकाडेलिक' हे नावही बिलीचंच. साथीदारांच्या नावाने बँड उभा राहिला, हे मला काकांना सांगायचं आहे, आणि सांगण्यापेक्षा ऐकवायचं आहे.

म्हणून मला 1970 ते 1973 एवढीच वर्षं हवी आहेत. पुढची मोठी, झगमगती गाणी मला आवडतात, पण ती या बैठकीसाठी नकोत.

आत्तापर्यंत ठरलेली दोन: 'कॅन यू गेट टू दॅट' (तीनच मिनिटं, साधी गिटार, आणि मध्येच पार्लमेंट्समधल्या रे डेव्हिसचा तो खोल खर्जातला आवाज उत्तर देतो, तिथे माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो) आणि 'सुपर स्टुपिड'. दुसऱ्याबद्दल धाकधूक आहे, आवाज फार चढा आहे.

तुमच्या आवडीची सांगा, आणि कुठल्या क्रमाने लावू तेही. ठेका आणि बेस नीट ऐकू येईल अशी असतील तर फार मदत होईल.

खर्ज

मी बेस वाजवतो, त्यामुळे मत पक्षपाती आहे हे धरून वाचा.

'म्युझिक फॉर माय मदर' घ्याच. पहिल्या अल्बममधलं, 1970. बेसची एकच ओळ पाच-साडेपाच मिनिटं फिरत राहते आणि एकदाही कंटाळा येत नाही. मी हे शिकायला बसलो तेव्हा सूर दहा मिनिटांत सापडले, पण बिली दोन सुरांमध्ये जितका थांबतो तितकं थांबायला मला पुढचे कित्येक महिने लागले. हात आपोआप घाई करतो. तुमच्या मंडळींना विलंबित लयीची सवय आहे, त्यांना हे लगेच उमगेल.

एक सावधगिरी: पहिल्या अल्बममधल्या काही गाण्यांत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे स्टुडिओवादकही आहेत. त्यामुळे 'आय बेट यू' वगैरे निवडताना 'ही तीच पोरं' असं छातीठोकपणे सांगू नका. त्याऐवजी 'मॅगट ब्रेन' अल्बमवर भर द्या.

तिसरी घंटा

@खर्ज, हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. 'म्युझिक फॉर माय मदर' यादीत गेलं.

उत्तररात्र

ताई, मी मिशिगनमध्ये असते. हे सुरुवातीचे अल्बम इथल्याच डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीने काढले.

काकांच्या प्रश्नाला अगदी थेट उत्तर आहे. 'मॅगट ब्रेन'च्या 2005 च्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी आहेत, त्यात याच गाण्याचं दुसरं मिक्स आहे. त्यात बाकीचा बँड पुसलेला नाही, ड्रम आणि बेस समोर आहेत. काकांनी मूळ मिक्स ऐकलंच आहे, त्यामुळे या वेळी फक्त हे लावा. लोक म्हणतात की मूळच चांगलं, आणि ते खरंही आहे. पण मागे टिकी काय करत होता हे ऐकल्यावर मूळ गाण्यातली ती शांतता निराळी वाटायला लागते.

आणि 'यू अँड युअर फोक्स, मी अँड माय फोक्स' कसं काय राहिलं? ड्रमवर प्रतिध्वनी लावून तो आवाज असा काही जड केलाय की खोली भरून जाते. बिली स्वतः गायलाय. गरिबांनी एकमेकांना धरून राहिलं नाही तर काय होईल, असा त्याचा आशय. हे मी घरात सर्वांत जास्त वेळा लावलेलं गाणं आहे.

तिसरी घंटा

@उत्तररात्र, दुसरं मिक्स! माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे, त्यामुळे हे कधी कानावरच पडलं नव्हतं. आज रात्रीच शोधते.

ओसरी

मी थोडं वेगळं सुचवतो. 1971 नंतर हा पहिला संच फुटला. बिली पैशांच्या वादातून बाहेर पडला, रॉस गेला, एडीचं येणंजाणं राहिलं. म्हणून शेवट 1973 च्या 'कॉस्मिक स्लॉप'ने करा. वादक बदललेत, गॅरी शायडर गातोय. पाच मुलांना जगवण्यासाठी शरीर विकणारी आई आणि रात्री तिची प्रार्थना ऐकणारा मुलगा. ठेका नाचायला लावणारा आणि वर ही गोष्ट, हे फक्त त्यांनाच जमलं. शब्दांचा अर्थ आधी मराठीत सांगून ठेवा, नाहीतर ज्येष्ठांना नुसता गोंगाट वाटेल.

'सुपर स्टुपिड' काढू नका. चढा आहे म्हणूनच ठेवा. चार मिनिटांचा प्रश्न आहे, आणि एडी स्वतः गातो.

पण तबलजी काकांसाठी पहिलं गाणं एकच: 'गुड ओल्ड म्युझिक'. सुरुवातीला कुणीही नाही, एकटा टिकी फुलवुड. बाकीचे नंतर येतात. आठेक मिनिटं आहेत, पूर्ण लावा. हाच तुकडा पुढे रॅपवाल्यांनी किती वेळा उचलला.

तिसरी घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा ठरला: 'गुड ओल्ड म्युझिक', 'म्युझिक फॉर माय मदर', 'कॅन यू गेट टू दॅट', 'यू अँड युअर फोक्स', 'सुपर स्टुपिड', 'मॅगट ब्रेन'चं दुसरं मिक्स, आणि शेवटी 'कॉस्मिक स्लॉप'. बोलण्यासहित पन्नास मिनिटांत बसतंय. गाण्यांचे अर्थ एका पानावर मराठीत लिहून ठेवते आहे.

एक कबूल करते, मला रविवारपर्यंत थांबवलं नाही. काल काकांकडे पुस्तक परत द्यायला गेले होते, तेव्हा फोनवरच 'गुड ओल्ड म्युझिक'ची सुरुवात लावली. काका खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून ऐकत होते. बाकीचे वादक आले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. तीनदा लावलं. मग म्हणाले, "याचं नाव काय?"

टिकी फुलवुड, मी सांगितलं. त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतलं.