स्वस्त नक्की कुणाला?

लोक म्हणतात की भारतात मॅकडोनाल्ड्सचा बर्गर जगाच्या मानाने स्वस्त, ते डॉलरमध्ये मोजलं तर बरोबरच आहे, पण पगार पण डॉलरमध्ये मिळतो का इथे? १९८६ पासून इकॉनॉमिस्ट साप्ताहिकवाले बिग मॅक इंडेक्स (मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक बर्गरच्या देशोदेशीच्या किमतींची तुलना) काढतात, त्यात स्वित्झर्लंड बहुतेक वेळा सगळ्यात वर असतं, एका बर्गरला सहा-सात फ्रँक, पण तिथला काउंटरवरचा पोरगा अर्ध्या तासाच्याही आत तेवढे कमावतो. आपल्याकडे तसाच काउंटरवाला एका मोठ्या बर्गरसाठी दोन-तीन तास राबतो.

आणि तुलना तरी कशाची, इथल्या मॅकडोनाल्ड्समध्ये बीफ नाहीच, बिग मॅकऐवजी चिकनचा महाराजा मॅक धरतात. तो वेगळाच पदार्थ झाला की! क्वालिटीचं म्हणाल तर त्यांच्या आलू टिक्की बर्गरला मी नावं ठेवणार नाही, चव सगळीकडे सेम लागते, पण कोमट फ्राइज मिळाल्या की जीव जातो.

आमच्या नाशकात खरा फास्ट फूड म्हणजे मिसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, वर एक्स्ट्रा तर्री मागितली तर कुणी बिल वाढवत नाही (निदान माझ्या ठरलेल्या ठिकाणी तरी), तिकडे सॉसच्या पुडीचेही पैसे घेणारे देश आहेत राव.