नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून भर दुपारी पीसी बंद पडून राहिला

मानेवाडा_एडिटर

नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ऐन सीझन आहे, दोन घरच्या फिल्म द्यायच्या राहिल्या आहेत आणि मशीन मधातच बंद पडते.

रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय. आधी जीटीएक्स १६५० होतं. ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं की त्याची ४ जीबी मेमरी पुरायची नाही, म्हणून ओळखीच्या एका एडिटरकडून आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं. त्याच्याकडे चालताना पाहूनच आणलं.

आता एक्सपोर्ट लावला की कधी दहा मिनिटांनी, कधी पाऊण तासाने स्क्रीन काळी, पंखे बंद, आणि थोड्या वेळाने पीसी आपोआप सुरू. निळी स्क्रीन येत नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ एवढंच दिसतं. रात्री लावलेला एक्सपोर्ट मात्र पूर्ण होतो. बाहेर पारा ४५ वर आहे म्हणून आधी उन्हावरच शंका घेतली, पण कार्ड ७४ अंशांच्या वर जात नाही आणि प्रोसेसर ७८ च्या. खोलीत कूलर चालू असतो.

आणखी एक, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. पीसी गेला की वाय-फायपण दोनेक मिनिटं जातं.

इथे नागपुरात बर्डीतल्या एका दुकानात विचारलं, ते म्हणाले जुनं कार्ड आहे, खराबच असेल, परत करा. करू का?

फ्रेमड्रॉप

आधी ड्रायव्हर साफ करून घ्या. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू, म्हणजे ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर, चालवा, जुन्या कार्डाचं सगळं काढा, मग नवीन ड्रायव्हर टाका. माझ्याकडे स्क्रीन काळी व्हायची ती एवढ्यानेच थांबली.

धरमपेठ_गेमर

तापमानाचा विषय सोडा, ३०६० ची मर्यादा ९३ अंश आहे, ७४ म्हणजे आरामात. मला पॉवर सप्लायवर शंका आहे. कार्ड १७० वॉटचं असलं तरी या पिढीची कार्डं काही मिलिसेकंदांसाठी त्याहून बरंच जास्त ओढतात, आणि सप्लायचं संरक्षण तेवढ्यात त्याला बंद करतं. ८-पिनची वायर सप्लायमधून थेट आली आहे ना? मोलेक्सचा, म्हणजे जुन्या ४-पिन प्लगचा, जोड लावला असेल तर आजच काढा, तो वितळू शकतो.

मानेवाडा_एडिटर

वायर थेट आहे दादा, जोड नाही. डीडीयू काल रात्री केलं. आज दोन वाजता परत तेच.

महाल_रिपेअर

भाऊ, कार्ड परत देऊ नका. निदान माझं वाचेपर्यंत तरी नाही.

मी महालात दुरुस्तीचं काम करते. उन्हाळा लागला की अशा मशीन रांगेने येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच काही ना काही नवीन विकत घेतलेलं असतं. पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

४१ नंबरचा इव्हेंट कारण सांगत नाही. विंडोज नीट बंद न होता मशीन गेली, एवढंच तो सांगतो. त्याच्या तपशिलात बगचेककोड, म्हणजे विंडोज कोलमडल्याचा कोड, पाहा. तिथे शून्य असेल आणि विंडोज फोल्डरमधलं मिनीडंप, म्हणजे क्रॅशच्या फाइलींचं फोल्डर, रिकामं असेल, तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीजच गेली. ड्रायव्हर पडला की चित्र वेगळं असतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, ४१०१ नंबरची नोंद पडते किंवा निळी स्क्रीन येते. पंखे फिरतच राहतात. तुमचे पंखे थांबतात.

धरमपेठवाल्या दादांची शंका रास्त आहे, पण पॉवर सप्लाय फक्त पीसीला बंद करू शकतो. तुमचं तर वाय-फायही जातं. राउटरचा ग्राफिक्स कार्डाशी काय संबंध? दोघांना वीज जिथून मिळते ती जागा मला पाहायची आहे. राउटर आणि पीसी एकाच यूपीएसवर आहेत का? तो किती व्हीए क्षमतेचा, बॅटरी कधीची? बंद पडताना मॉनिटरचा छोटा दिवाही विझतो का? आणि कूलर कोणत्या बोर्डावर आहे?

मानेवाडा_एडिटर

ताई, सगळं एकाच यूपीएसवर आहे, मॉनिटरपण. ६०० व्हीए, मागे ३६० वॉट लिहिलं आहे. चार वर्षं झाली, बॅटरी घेतली तेव्हाचीच. कूलर त्याच बोर्डावर, पण थेट. बगचेककोड शून्यच आहे. आज मुद्दाम लक्ष ठेवलं, मॉनिटरचा दिवापण विझला. यूपीएस ओरडला की नाही ते सांगता येत नाही, कूलरचा आवाज आणि कानाला हेडफोन.

महाल_रिपेअर

मग हिशोब करू.

कार्ड १७० वॉट. ३६०० वर ६५ लिहिलेलं असलं तरी पूर्ण भारावर तो ८८ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले ३१० च्या आसपास. सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३६५ ओढले जातात. मॉनिटरचे २५ मिळवा, ३९०. यूपीएस ३६० चा आहे. जुनं कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉटचं होतं, तेव्हा हाच हिशोब २७५ च्या आसपास येत होता. कार्ड बदललं आणि यूपीएसची मर्यादा ओलांडली गेली. कार्डात काहीच खराबी नाही.

आता दुपारीच का? वीज नीट असते तेव्हा हा यूपीएस ती जवळपास जशीच्या तशी पुढे देतो, थोडा जास्त भारही निभतो, म्हणून रात्री काम पूर्ण होतं. दुपारी अख्ख्या वस्तीचे एसी आणि कूलर चालू असतात, व्होल्टेज दबलेलं असतं. त्यात जवळच एखादा कॉम्प्रेसर सुरू झाला की ते अजून खाली जातं आणि यूपीएस बॅटरीवर येतो. ३९० वॉट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे म्हणजे ३२ अँपिअर, आतलं नुकसान धरून चाळीसच्या जवळ. या आकाराच्या यूपीएसमध्ये बहुतेक ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, आणि तुमची चार उन्हाळे काढलेली आहे. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. नागपूरच्या बंद खोलीत तिचं काय राहिलं असेल! ती क्षणात बसते, सगळं बंद होतं, लाइन सुधारली की यूपीएस परत चालू होतो आणि पीसीही उठतो.

हे खरं की खोटं ते बिनपैशात कळेल. उद्या दुपारी फक्त पीसीची वायर यूपीएसमधून काढून भिंतीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा, राउटर तिथेच राहू द्या, आणि तोच एक्सपोर्ट चालवा. प्रोजेक्ट आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, ग्राहकाचं लग्न परत होणार नाही. तेव्हाही बंद पडला तर कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के करून पाहा. त्याने थांबलं तर मग दादांच्या म्हणण्याप्रमाणे सप्लायकडे वळू.

मानेवाडा_एडिटर

ताई, झालं! दुपारी एक ते चार पूर्ण एक्सपोर्ट, एकदाही थांबला नाही. हेडफोन काढून बसलो होतो. बाजूच्यांचा एसी सुरू झाला की ट्यूबलाइट मंद होते आणि यूपीएस टक करून बॅटरीवर जातो, मग परत. वाय-फाय आज गेलं नाही.

एक फिल्म देऊन आलो. कार्डही राहिलं आणि मित्राशी वाकडंही झालं नाही. आता यूपीएस कोणता घेऊ? दुकानात ८०० व्हीए दाखवून राहिले.

धरमपेठ_गेमर

ताई, साइन वेव्हवाला, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, घ्यावा लागेल का? ॲक्टिव्ह पीएफसीच्या (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेल्या) सप्लायला साधा चालत नाही असं वाचलं होतं.

महाल_रिपेअर

व्हीए पाहूच नका भाऊ, वॉटचा आकडा विचारा. ८०० व्हीएवाले बहुतेक ४८० वॉटचे असतात. ३९० चा भार त्यावर चालेल, पण बॅटरी जुनी झाली की परत इथेच याल. ६०० वॉट किंवा वर बघा.

दादा, सगळ्याच सप्लायला त्रास होत नाही. काही ॲक्टिव्ह पीएफसीवाले साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर बदलताना अडखळतात. बजेटमध्ये बसत असेल तर शुद्ध साइन घ्यावा. नसेल तर दुकानातच आपला पीसी जोडून, एक्सपोर्ट लावून, भिंतीचा प्लग काढून पाहा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

जुना यूपीएस टाकू नका. नवीन बॅटरी टाकून राउटरला ठेवा, तेवढ्या भारावर बराच वेळ चालतो. नवीन यूपीएस कूलरच्या हवेच्या झोतात नको, ती हवा दमट असते. आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एसीवर ट्यूब मंद होते म्हणजे मीटरपासूनचे जोड ढिले आहेत का ते पाहायला हवं, सोबत अर्थिंगही तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यात पाणी टाकायचं राहून गेलं की अर्थिंग नावालाच उरतं.

मोठा यूपीएस आला तरी तो एक्सपोर्ट पूर्ण करायला नाही. लाइट गेली की प्रोजेक्ट सेव्ह करा आणि मशीन बंद करा.